रीळ फिरलं की टायगर झोपला

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागलो की मध्ये थांबणार नाही, चहा गार झाला तरी. फजिती काय हो, सगळ्यांचीच होते. पण माझी फजिती मुंबईच्या माणसांनी रिळावर भरून नेली आणि अख्ख्या पुण्याला दाखवली. आता बोला!

पुण्यात टीव्ही येऊन दीड-दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या सोलापुरात टीव्ही ही नुसती ऐकीव गोष्ट होती. मी इथल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचो. लग्नाला दोन वर्षं झालेली. बायको सुनंदा, पुण्याची.

पुण्याची, हे नीट ध्यानात ठेवा. सगळं रामायण तिथनंच सुरू झालं.

दिवाळीला सासुरवाडीला गेलो होतो. सासऱ्यांनी नवाकोरा टीव्ही घेतलेला. संध्याकाळी शेजारीपाजारी सतरंजीवर दाटीवाटीनं बसले, मला जावई म्हणून पुढं खुर्ची. सासऱ्यांनी बटण फिरवलं. डब्यात एक बाई आली, सरळ माझ्याकडं बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार."

आता मला सांगा, बाईमाणसानं नमस्कार केला तर आपण काय करतो? मी उठून उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "नमस्कार, नमस्कार. बसा की!"

काय ते हसणं! सतरंजीवर माणसं लोळायची बाकी राहिली. सासरे डोळे पुसत म्हणाले, "असू दे, असू दे. सोलापूरला बिचाऱ्यांना बघायला काय मिळतं? ऊन आणि चादरी!"

तुम्ही असता तर हसण्यावारी नेलं असतं. मी पडलो मानी. अंगात सोलापूरचं ऊन मुरलेलं. "सुनंदा, सामान भर," म्हणालो आणि ताटावरचा फराळ तसाच टाकून तिला घेऊन स्टेशनवर आलो. कुर्डुवाडीला मी चहा आणून दिला, तो तिनं घेतला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

सुनंदाला आई नव्हती. लहानपणापासून वडिलांनीच वाढवलेली. आणि सासरे माझ्यापेक्षा मानी. त्यांचं पत्र बंद, माझं जाणं बंद. मधल्या मध्ये ही पोर अडकली. आठ महिने झाले तरी तोंडातून तक्रार नाही, पण पोस्टमनची सायकल वाजली की ही भाकरी तव्यावर टाकून दारात. पोस्टमन पुढं निघून जायचा. ही आत यायची, करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायची. मला ते दिसत होतं हो! पण माघार घ्यायची कशी? पुरुषाची जात, तीही मास्तराची.

अशात शाळा उघडल्यावर हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. त्यांच्या हातात मुंबईच्या टीव्हीवाल्यांचं पत्र.

"हे लोक गावोगाव जाऊन एक खेळ भरवतात," ते म्हणाले. "कुटुंब आणि त्यांचा कुत्रा. कुत्र्यानं हात द्यायचा, बाकावरून उडी मारायची, काठी आणायची. पाच कुटुंबं पाहिजेत आणि आपलं पटांगण पाहिजे. चार मिळाली. डॉक्टरांचा अल्सेशियन आहे, कंत्राटदाराचं ते पांढरं पोमेरियन आहे. पाचवं काही मिळेना."

"हे पुण्याला दिसणार का, सर?"

"पुण्या-मुंबईलाच दिसणार. आपल्याला कुठं दिसायला बसलंय?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या डब्यापुढं माझं हसं झालं, त्याच डब्यात मी! सासरे सतरंजीवर बसलेत आणि वर मी! शेजारीपाजारी म्हणतायत, अहो, हे तर तुमचे जावई! मग सासरे आपण होऊन लिहितील, या म्हणून. सुनंदा मानानं माहेरी जाईल.

"तुमच्याकडं आहे का हो कुत्रा?" हेडमास्तरांनी विचारलं.

"आहे की!" मी म्हणालो.

घरी येऊन सांगितलं तर सुनंदा बघतच राहिली. "अहो, पण आपल्याकडे कुत्रा कुठाय?"

"मोत्या नाही का?"

"मोत्या आपला आहे?"

"रोज सकाळी आपल्या दारात बसतो, चहात बुडवून शिळी भाकरी खातो. आता काय सातबारा आणून दाखवू?"

खरं सांगायचं तर मोत्या गल्लीचा होता. काळाभोर, एक कान मोडका, आणि तीन घरचं खाऊन पोट सुटलेलं. सकाळी आमच्याकडं मोत्या. मग दिवसभर समोरच्या येल्लप्पामामांच्या घरी. ते पद्मशाली विणकर, घरातच चादरीचा माग, मदतीला बायको नरसक्का. ते त्याला नल्ला म्हणायचे, तेलुगूत नल्ला म्हणजे काळा. संध्याकाळी कोपऱ्यावर दस्तगीरचाचांच्या चहाच्या हॉटेलात गेला की शेरू. तिन्ही नावांना शेपूट हलवायचा.

मी फॉर्म भरायला बसलो. कुत्र्याचं नाव? मोत्या काही पुण्यात शोभेना. लिहिलं, टायगर. जात? आपल्याकडं कारवानी जातीची शिकारी कुत्री असतात, सडपातळ, हरणासारखी. लिहिलं, कारवानी. मग पोटाकडं बघून पुढं लिहिलं, बऱ्यापैकी. घरात कधीपासून? पिल्लू असल्यापासून. महापालिकेच्या बिल्ल्याचा नंबर? तो मात्र खरा होता. मोत्याच्या गळ्यात दोरीत ओवलेला पितळी बिल्ला होता, त्यावरून उतरवून घेतला. तो बिल्ला कुणी काढून दिला, हा प्रश्न काही मला पडला नाही. गणिताचा मास्तर! आलेलं उत्तर वापरलं, रीत कुणाची ते बघितलं नाही.

"येल्लप्पामामांना विचारायला हवं," सुनंदा म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? दोन तासांचं काम. दुपारच्या आत परत."

आठवडाभर सकाळी परसात तालीम घेतली. आणि काय सांगू, गडी हुशार निघाला! शेकहँड म्हटलं की पंजा पुढं. बाकावरून उडी अशी मारायचा की वर टाचणी ठेवली तरी हलू नये. काठी फेकली की तोंडात हजर. मी तर मनातल्या मनात डॉक्टरांच्या अल्सेशियनला दुसरा नंबर देऊन टाकला.

रविवारी सकाळी, येल्लप्पामामांचं दार उघडायच्या आत, भाकरीच्या तुकड्यावर टायगरला घेऊन निघालो. सुनंदानं माहेरचं आमसुली पातळ नेसलेलं. "बाबांनी घेतलेलं आहे. ओळखतील ना?" म्हणाली.

"टीव्हीत रंग दिसत नाही," मी म्हणालो.

"काठ तर दिसतील."

मी टायगरपुढं भाकरीचा आणखी एक तुकडा टाकला.

पटांगणावर ही गर्दी! शाळेतली सगळी पोरं, त्यांचे आईबाप, शेंगावाले. मुंबईचे साहेब पायघोळ पँट घालून आलेले. तिपाईवर कॅमेरा, त्यामागं गॉगल लावलेला कॅमेरावाला. डॉक्टरांच्या अल्सेशियननं सगळं झोकात केलं. पोमेरियननं हात दिला आणि पुढं कंत्राटदारीणबाईंच्या कडेवरून उतरलंच नाही. बाकीच्या दोन कुत्र्यांनी एकमेकांना धरलं, ते सोडवण्यात अर्धा तास गेला. मी आतून खूष. मैदान मोकळं झालं होतं.

"टायगर कुटुंब, या!" साहेबांनी पुकारलं.

आता इथं एक सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही मला वेडा म्हणाल. कॅमेरा म्हणजे काय, ते मला आमच्या लग्नाच्या फोटोवरून ठाऊक होतं. स्टुडिओवाला काळ्या फडक्यात डोकं घालून ओरडला होता, "श्वास रोखा! हललात की पुसून जाल!" म्हणजे हिशेब सरळ होता. स्थिर माणूस फोटोत येतो, हलता माणूस येत नाही. सिनेमातली माणसं हलतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. या नियमानं मी कॅमेऱ्यापुढं खांबासारखा उभा राहिलो. सुनंदालाही तसंच उभं केलं. टायगर शेपूट हलवत होता, तेवढी शेपूट येणार नाही म्हणून मला वाईट वाटलं.

"कॅमेरा!" साहेब ओरडले.

कॅमेरा सुरू झाला. घर्रर्र आवाज आला. मी म्हणालो, "टायगर, शेकहँड!"

टायगरनं माझ्याकडं बघितलं. एक मोठ्ठी जांभई दिली. आणि गोल फिरून, नाक शेपटीत घालून, माझ्या पायाशी झोपला.

"कट!" घरघर थांबली. टायगर ताडकन उठला आणि पंजा पुढं केला.

"बघा! देतोय की!" मी ओरडलो.

"कॅमेरा!" घर्रर्र. टायगर आडवा.

चार वेळा झालं. चारही वेळा तेच. पोरं फिदीफिदी हसायला लागली. साहेबांच्या कपाळावर घाम. "मास्तर, रीळ वाया जातंय. कुत्रा तुमचाच आहे ना?"

"पिल्लू असल्यापासून, साहेब!"

"आजारी आहे का?"

"नाही हो, जरा लाजतो. उडी घेऊन बघू."

बाक मांडला. घर्रर्र. टायगर बाकाच्या सावलीत घोरायला लागला. चक्क घोरायला! मला सासरे दिसायला लागले. सतरंजी दिसायला लागली. ऊन, चादरी आणि आता झोपाळू कुत्री! मी सुनंदाकडं बघितलं. पदराचे काठ नीट पुढं ओढून ती तशीच श्वास रोखून उभी होती. आणि मग माझं डोकंच फिरलं. याला विसर पडला असेल, एकदा करून दाखवू, असं मनात आलं. हलता माणूस फोटोत येत नाहीच, मग घाबरायचं कशाला?

"टायगर, अशी!" म्हणालो आणि मारली बाकावरून उडी.

टायगरनं एक डोळा उघडला आणि मिटला.

"अशी रे, अशी!" परत उडी. या बाजूनं त्या बाजूला, त्या बाजूनं या बाजूला. किती मारल्या? मोजल्या नाहीत. पोरं मात्र मोजत होती. "सात! सर, सात!" सातवीला टाळ्या पडल्या. कॅमेरावाला आता हसत होता, पण कॅमेरा काही थांबवत नव्हता.

"अहो, पुरे!" सुनंदा ओठ न हलवता म्हणाली.

पुरे कसलं? काठी राहिली होती. मी काठी फेकली, मीच पळत गेलो, आणि कशी धरायची ते कळावं म्हणून... आता लाजायचं काय राहिलंय, सांगतो. दातात धरून आणली. टायगरपुढं ओणवा झालो आणि काठी खाली ठेवली. कॅमेरा माझ्या नाकापासून चार हातांवर. घर्रर्र.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी घुसलं. बघतो तर येल्लप्पामामा! अंगात बनियन, डोक्यावर सुताचे तंतू, छाती धपापतेय. कुत्र्याला बघितलं आणि मटकन खालीच बसले.

"अय्यो देवा! हितं हाय व्हय! सर, आमी सगळी गल्ली पालथी घातली की! पालिकेच्या गाडीनं नेला म्हणून आमची नरसक्का रडून रडून बेजार झाली. मी कोंडवाड्यापातूर जाऊन आलो. बिल्ला हाय त्याच्या गळ्यात, मीच काढून दिलाय, मग कसा काय नेला म्हणून भांडून आलो."

मी ओणवाच होतो. उठायचं सुचेना. काठीचा भुसा तोंडात, वर बोलायला तोंड कुठलं?

साहेब पुढं आले. "हे कोण? कुत्रा यांचा आहे का?"

येल्लप्पामामांनी माझ्याकडं बघितलं. मग सुनंदाकडं, तिच्या पातळाकडं, कॅमेऱ्याकडं. साध्या माणसाला सगळं एका नजरेत कळतं हो.

"न्हाय साहेब," ते म्हणाले. "कुत्रा सरांचाच हाय. आमच्याकडं नुसता झोपायला येतो."

काय वाटलं असेल मला? धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं. मी उठलो, गुडघे झटकले. "नाही साहेब. मी खोटं बोललो. कुत्रा यांचा."

"सरांचा हो!"

"मामा, तुमचाच!"

"रोज सकाळी भाकर कोण घालतंय? तुमी. मग तुमचा!"

"बिल्ला कुणी काढला? तुम्ही. मग तुमचा!"

"अहो, कुणाचाच नसेल तर मी मुंबईला घेऊन जातो!" साहेब वैतागून म्हणाले.

"न्हाय!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. टायगर दचकला आणि शेपूट हलवून परत झोपला. कारण कॅमेरा अजून चालूच होता.

"पण हा झोपतो का सारखा?" साहेबांनी विचारलं.

येल्लप्पामामांनी कॅमेऱ्याला कान लावला आणि खुदकन हसले. "झोपणारच की! आमच्या नरसक्काच्या रहाटाचा आवाज हाय ह्यो. ती दिवसभर मागाला सुताच्या कांड्या भरते, आन् त्यो शेजारी झोपतो. पिल्लू असल्यापासनं. रहाट फिरला की झोपायचं, रहाट थांबला की उठायचं. थांबवा बघू तुमचं यंत्र."

कॅमेरावाल्यानं थांबवलं. टायगर उभा. सुरू केला. टायगर आडवा. थांबवला, उभा. सुरू, आडवा. पटांगण हसून हसून लोळलं. साहेबसुद्धा पोट धरून बसले. "म्हणजे जागा असलेला हा कुत्रा देवालासुद्धा रिळावर घेता यायचा नाही!"

पहिला नंबर अल्सेशियनला गेला, ते सांगायला नको. आम्हाला बिस्किटांचा पुडा मिळाला. तो मी परतताना मामांच्या घरी जाऊन नरसक्काच्या हातात दिला आणि माफी मागितली. "जाऊ द्या हो सर," ती म्हणाली आणि निम्मी बिस्किटं सुनंदाच्या पदरात घातली. निम्मी नल्लानं तिथंच संपवली.

घरी आल्यावर मी सुनंदाला म्हणालो, "चुकलो. हे सगळं करण्यापेक्षा आपल्या पायांनी पुण्याला जाऊन बोललो असतो तर झालं असतं. मी उद्या पत्र लिहितो."

"खरंच लिहाल?"

"लिहीन. एक बरं आहे, मी सारखा हलत होतो. त्यामुळे फोटोत आलेलो नाही."

सुनंदा पुण्याची. तिनं टीव्ही बघितलेला. ती नुसती "बरं हं" म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. किती मोठ्या मनाची बायको, विचार करा!

मी पत्र लिहायला घेतलं. मास्तर माणूस, पाच मसुदे झाले, एकही पोस्टात पडला नाही. रोज 'उद्या टाकतो'. असे तीन आठवडे गेले. आणि एका दुपारी पोस्टमनची सायकल वाजली आणि चक्क आमच्या दारात थांबली. निळं अंतर्देशीय पत्र. सुनंदानं अक्षर बघितलं आणि उंबऱ्यातच बसली. वाचायला लागली. डोळ्यांतून पाणी, आणि मधूनच हसतेय! हसतेय, परत डोळे पुसतेय. मला काही समजेना. शेवटी तिनं पत्र माझ्या हातात दिलं.

सासऱ्यांनी लिहिलं होतं:

"चि. सुनंदास अनेक आशीर्वाद. तुमचा कार्यक्रम काल पाहिला. पातळ ओळखले. पोरी, वाळलीस गं. दिवाळीत मी बोललो ते बोलायला नको होते. तुझ्या नवऱ्याची नव्हे, माझी चूक. आठ महिने हे लिहायला धीर होत नव्हता, काल तो तुझ्या नवऱ्याने दिला. ज्याला चारचौघांत हसे झाल्याचा इतका राग, तो माणूस तुझ्यासाठी सगळ्या जगासमोर दातात काठी धरतो, हे पाहिले.

"कुत्रा कार्यक्रमभर झोपलेलाच होता. जावईबापू मात्र सगळे छान करत होते. शेजारच्या आजींना नीटसे दिसत नाही. त्या म्हणाल्या, कुत्रा आळशी आहे हो, पण जावई काय सुरेख शिकवलाय तुम्ही!

"आता दोघे लगेच या. आळीतली सगळी मंडळी वाट पाहत आहेत. अंगणात बाक मांडून ठेवला आहे."

गेलो की! दुसऱ्याच दिवशीची गाडी धरली. सासरे स्टेशनवर आलेले, सुनंदा त्यांच्या गळ्यात पडून रडली, मीही डोळे पुसले.

आणि अंगणात शिरलो तर खरोखरच बाक मांडलेला, भोवती अख्खी आळी, पुढं त्या आजी. आता एवढ्या माणसांचं मन मोडायचं म्हणजे... तुम्हीच सांगा.

बाक पुण्याचा होता, जरा उंचच होता. पण गेला पायाखालून.